साथीच्या काळातले शिकाऊ डॉक्टर: नागपुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेडिकल आणि मेयो, म्हणजे शहरातली दोन सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं. नागपुरात पत्ता सांगायला एवढं पुरतं. विदर्भातून आणि पलीकडच्या छिंदवाडा, बालाघाट, आदिलाबादकडून येणाऱ्या कितीतरी रुग्णवाहिका या दोनपैकी एका फाटकातून आत शिरतात, आणि रात्री अडीच वाजता ट्रॉलीजवळ सगळ्यांत आधी पोचतो तो बहुधा इंटर्न किंवा निवासी डॉक्टर असतो. म्हणजे अजून शिकत असलेला. एरवी हे निभतं, कारण मागे वरिष्ठ असतात आणि विचार करायला वेळ असतो. साथ आली की तोच पोरगा एकाच वेळी विद्यार्थी असतो, कामगार असतो आणि कधीकधी रुग्णही असतो. व्यवस्थेला मात्र त्यातला कामगारच तेवढा दिसतो.

मी नागपुरात पदव्युत्तर विद्यार्थ्यांना शिकवते. खालचे प्रश्न मला इंटर्न, निवासी डॉक्टर, त्यांचे आईवडील आणि सोबतचे शिक्षक यांनी पुन्हा पुन्हा विचारलेले आहेत. जिथे नियम आहे तिथे नियम सांगितला आहे, बाकी ठिकाणी माझं मत आहे आणि ते मत म्हणूनच घ्यावं.

शिकाऊ डॉक्टर म्हणजे नेमके कोण?

एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी, बारा महिन्यांची इंटर्नशिप करणारे, एमडी-एमएस करणारे जेआर (ज्युनिअर रेसिडेंट) वन, टू आणि थ्री, म्हणजे पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचे निवासी डॉक्टर, आणि त्यापुढे सुपरस्पेशालिटीचे निवासी डॉक्टर. बाहेरच्याला सगळे एकाच पांढऱ्या कोटातले वाटतात. पण इंटर्नला सलाइन लावताना सोबत कुणीतरी उभं लागतं, आणि जेआर थ्रीला स्वतः निर्णय घेऊन नंतर सरांशी चर्चा करायची मुभा लागते. साथीत दोघांची नावं एकाच तक्त्यात, एकाच रकान्यात टाकली जातात. बऱ्याच भानगडी तिथून सुरू होतात.

आरोग्य संकट म्हणजे कोविडच ना? तो तर होऊन गेला.

नागपुरात कोविडचा पहिला रुग्ण ११ मार्च २०२० ला सापडला. २०२१ च्या मार्चमध्ये शहरात पुन्हा टाळेबंदी लागली आणि एप्रिलमध्ये खाटा मिळेनात. त्यामागोमाग म्युकरमायकोसिस, म्हणजे काळी बुरशी, आला आणि कान-नाक-घसा, नेत्र आणि दंत विभागांतले निवासी डॉक्टर, जे तोवर थोडे बाजूला होते, एकदम मध्यभागी आले. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाडा जिल्ह्यातली मूत्रपिंडं निकामी झालेली चिमुकली नागपुरात आणली गेली. खोकल्याच्या औषधात डायइथिलिन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं. त्यात साथ नव्हती, संसर्ग नव्हता, पीपीई किट नव्हतं. तरी बालरोग विभागातल्या निवासी डॉक्टरांसाठी ते संकटच होतं, कदाचित जास्त जिव्हारी लागणारं. याशिवाय दर पावसाळ्यात डेंग्यू असतो आणि दर मे महिन्यात उष्माघात. तेव्हा ‘होऊन गेला’ असं म्हणण्याची सोय नागपूरला नाही.

इंटर्नला साथीच्या वॉर्डात लावता येतं का? तो शिकायला आलाय.

लावता येतं, पण देखरेखीखाली. ३ मे २०२१ ला केंद्र सरकारने जो निर्णय जाहीर केला त्यात हे शब्द स्पष्ट होते: इंटर्नना प्राध्यापकांच्या देखरेखीखाली कोविड व्यवस्थापनात घ्यावं, आणि शेवटच्या वर्षाच्या एमबीबीएस विद्यार्थ्यांना दूरध्वनीवरून सल्ला देणं आणि सौम्य रुग्णांवर लक्ष ठेवणं ही कामं, तीही ओळख-प्रशिक्षणानंतर आणि देखरेखीतच. देखरेख म्हणजे तक्त्याच्या तळाशी एका प्राध्यापकाचं नाव छापणं असा अर्थ कुणी काढत असेल तर तो सोयीचा अर्थ आहे. ज्याचं नाव आहे तो किती मिनिटांत खाटेजवळ येऊ शकतो, हा खरा प्रश्न.

वॉर्डात पाठवण्याआधी किमान तीन गोष्टी हातात हव्यात. पीपीई घालण्या-काढण्याचा सराव (काढताना जास्त, कारण संसर्ग तिथे होतो). ‘हा रुग्ण बिघडतोय’ हे ओळखण्याच्या ठरलेल्या खुणा. आणि बिघडला तर फोन कुणाला करायचा ते नाव आणि तो नंबर. तिसरी गोष्ट फुकट आहे आणि हटकून राहून जाते.

ड्युटी किती तासांची असावी?

कागदावर उत्तरं आहेत. केंद्राच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत सर्वसाधारणपणे दिवसाला १२ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा सांगितली आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर नियमांत तासांचा आकडा नाही. ‘वाजवी’ तास, विश्रांतीला वाजवी वेळ, आठवड्याची एक सुट्टी, वर्षाला २० किरकोळ रजा असं त्यात आहे. २०२४ मध्ये आयोगाच्याच मानसिक आरोग्यविषयक कृती गटाने आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त नको, सात-आठ तास झोप हवी, असं सुचवलं. वॉर्डातलं उत्तर काय ते तुम्हाला ठाऊक आहे. युनिटचा इमर्जन्सी डे असला की ३६ तास कुठे जातात कळत नाही.

इथे मी माझं मत जरा लांबवून सांगते, कारण या पानावर सांगण्यासारखं सगळ्यांत महत्त्वाचं तेच आहे. संकटात शिकाऊ डॉक्टरांच्या मनाची काळजी घ्यायची असेल तर आधी ड्युटीचा तक्ता हातात घ्यावा. समुपदेशनाचं शिबिर, ध्यानाचं सत्र, प्रेरणादायी वक्ता हे सगळं नंतर. ज्याने दोन दिवसांत चार तास झोप घेतली आहे त्याला सभागृहात बसवून श्वासाचे व्यायाम शिकवले तर तो तिथेच झोपतो, आणि ती झोपच काय ती त्या सत्राची कमाई.

तक्ता करताना मी पुढच्या गोष्टींवर अडून बसते. पीपीईतली पाळी नागपूरच्या उन्हाळ्यात सलग चार तास, फार तर सहा. बाहेर ४५ अंश असताना आत घामाने हातमोज्यात पाणी साचतं, तहान लागते, लघवी दाबून धरावी लागते आणि पाचव्या तासाला औषधाचा डोस मोजायला चूक होते. रात्रपाळ्या लागोपाठ तीन-चारच्या वर नकोत. रात्रपाळी संपवून सकाळच्या राउंडला थांबवायचं नाही; ‘दहा मिनिटं थांब, सर येतायत’ हे वाक्य दुपारी एकपर्यंत चालतं. प्रत्येक पाळीत एक माणूस राखीव ठेवायचा. राखीव म्हणजे घरी, फोन चालू ठेवून. कुणी आजारी पडलं तर तो येईल, आणि आजारी पडणाऱ्याला अपराधी वाटणार नाही. हा राखीव माणूस तक्त्यात दाखवला की प्रशासन विचारतं, ‘हा रिकामा का?’ तेव्हा विभागप्रमुखाने ठाम उभं राहायला हवं.

आणि तक्ता किमान आठवडाभर आधी लागावा. उद्या कुठे आहे हे रात्री अकराला व्हॉट्सॲपवर कळणं ही छळवणूक आहे, जरी ती कुणी मुद्दाम करत नसलं तरी.

ड्युटी संपवून दुचाकीने घरी गेलो तर काय बिघडतं?

सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखा वागतो, २४ तासांनंतर ०.१० टक्के असल्यासारखा, असं प्रयोगांत दिसलं आहे. आपल्याकडे वाहन चालवण्याची कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे. तुमच्या तोंडाला वास येत नाही म्हणून मेडिकल चौकातला पोलीस तुम्हाला थांबवत नाही, इतकंच. आधी वीस-तीस मिनिटं झोपा, मग निघा, किंवा रिक्षा करा. चोवीस तासांची ड्युटी झालेल्याला रुग्णालयाने सोडायला गाडी द्यावी, ही मागणी लाड नव्हे.

रात्रपाळीनंतर दिवसा झोपच लागत नाही. गोळी घेऊ का?

स्वतःच्या मनाने नको. वॉर्डातली शीशी उघडून तर अजिबात नको. आधी साध्या गोष्टी बघा. चहा-कॉफीचा शेवटचा कप पाळी संपायच्या पाच-सहा तास आधी. खोलीत अंधार. फोन उलटा. आणि मे महिन्यात नागपुरात दिवसा झोपायचं तर चालणारा कूलर, त्यात पाणी, आणि वीज. वसतिगृहात दुपारी पाणी नसेल तर निवासी डॉक्टरांच्या मानसिक आरोग्यावरचा सगळा पत्रव्यवहार व्यर्थ आहे.

कूलरचाच विषय निघालाय तर: पावसाळा लागला की टाकी रिकामी करा, घासा, कोरडी ठेवा. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि डेंग्यूच्या वॉर्डात राबणारी मुलं स्वतःच्या खोलीतल्या कूलरपायी आजारी पडतात. आठवड्यातून एकदा टाकी कोण घासणार याचा तक्ता वसतिगृहात लावायला हरकत नाही.

साथीत शिकवणं बंदच पडतं. आमचं वर्ष वाया गेलं का?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा ऐकू येतो, आणि त्यात रडगाणं कमी आणि भीती जास्त असते: ‘आम्ही कच्चे डॉक्टर होणार का?’

व्याख्यानं बंद पडली म्हणून शिकणं बंद पडत नाही, पण आपोआप चालूही राहत नाही. नुसतं काम करून माणूस सरावतो. सराव आणि शिक्षण वेगळं. चुकीच्या गोष्टीचाही सराव होतो. कुणीतरी ‘का?’ विचारावं लागतं. त्याला तासाभराचं लेक्चर लागत नाही. खाटेजवळ दोन मिनिटं मिळाली तरी पुरे: तुला काय वाटतं, कशावरून वाटतं, हे बरोबर केलंस, हे चुकलं, आणि पुढच्या वेळी एवढं लक्षात ठेव. मास्कमधून ओरडून का होईना, राउंडला रोज एका रुग्णावर हे करायचं. सगळ्यांवर करायला गेलात तर तिसऱ्या दिवशी बंद पडेल.

संकटाने समोर आणून ठेवलेला अभ्यासक्रम तुच्छ नाही. ऑक्सिजनचंच बघा. २०२१ च्या आधी किती एमडींना सिलिंडरचं गणित येत होतं? जम्बो म्हणजे डी टाइप सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर वायू. मिनिटाला १० लिटरने एका रुग्णाला साडेअकरा तास पुरतो. तोच हाय फ्लोवर, म्हणजे नाकातून जोरात ऑक्सिजन देणाऱ्या मशीनवर, मिनिटाला ६० लिटर शुद्ध ऑक्सिजनने लावला तर दोन तासही नाही. ज्या निवासी डॉक्टरला रात्री हे तोंडी करता येतं तो मशीन लावायच्या आधी मागचा साठा विचारतो. तसंच रक्तातल्या वायूंचा अहवाल वाचणं, रुग्णांची वर्गवारी, मृत्यूची बातमी फोनवर सांगणं, आणि ‘आता व्हेंटिलेटरने फायदा नाही’ हे नातेवाइकांना समजेल अशा मराठीत, हिंदीत किंवा गोंडी दुभाष्याच्या मदतीने सांगणं. हे सगळं लॉगबुकात लिहा. ‘कोविड ड्युटी, ३० दिवस’ एवढी एक ओळ लिहू नका. काय केलं, किती वेळा केलं, कुणाच्या देखरेखीत केलं, ते लिहा आणि सही त्याच आठवड्यात घ्या. पदवीच्या अभ्यासक्रमातही ऑगस्ट २०२० मध्ये साथ व्यवस्थापनाचा स्वतंत्र भाग आणला गेला, म्हणजे हा विषय आता अवांतर राहिलेला नाही.

शस्त्रक्रिया शाखांचं नुकसान मात्र खरं आहे, ते गोड बोलून झाकू नये. नियोजित शस्त्रक्रिया थांबतात आणि एमएसच्या विद्यार्थ्याच्या हातून हर्निया, पित्ताशय, सांधे निसटतात. प्रत्येकाच्या राहिलेल्या शस्त्रक्रियांची यादी करा, वर्षागणिक नव्हे तर नावागणिक. ओटी (शस्त्रक्रियागृह) सुरू झाली की पहिल्या काही महिन्यांत ती यादी बघूनच हात द्या. मधल्या काळात स्किल लॅबमध्ये टाके, गाठी, लॅप्रोस्कोपीचा ट्रेनर. ती खोली कुलूपबंद ठेवून किल्ली सुटीवर गेलेल्या माणसाकडे असेल तर आजच दुसरी करून घ्या.

थिसिसचं काय? रुग्णच मिळत नाहीत.

गाईडला लगेच भेटा, शेवटच्या सहा महिन्यांत नव्हे. नमुन्याचा आकार किंवा विषयच बदलायचा असेल तर नैतिकता समिती आणि विद्यापीठ दोन्हींची परवानगी लागते आणि दोन्हीकडे वेळ जातो. साथीवरच थिसिस करायचा मोह होईल. करा, पण तोच विषय आणखी चाळीस जण करत असणार हे धरून चाला. आकडे मात्र ‘भरून’ काढू नका. थकलेल्या माणसाला ते फार सोपं वाटतं.

२०२१-२२ मध्ये नेमकं काय झालं होतं? सीनियर अजून त्याबद्दल बोलतात.

१८ एप्रिल २०२१ ची नीट पीजी, म्हणजे एमडी-एमएसची प्रवेश परीक्षा, पुढे ढकलली गेली आणि ११ सप्टेंबरला झाली. मग आरक्षणाच्या प्रकरणामुळे जागावाटपाचं काउन्सेलिंग अडकलं. सर्वोच्च न्यायालयाने ७ जानेवारी २०२२ ला वाट मोकळी केली आणि १२ जानेवारीला प्रक्रिया सुरू झाली. या सगळ्यात जेआर वनची अख्खी तुकडी वेळेवर आलीच नाही. तीन तुकड्यांनी करायचं काम दोन तुकड्यांनी केलं, त्यातच ओमायक्रॉनची लाट आली. २०२१ च्या डिसेंबरात देशभर निवासी डॉक्टर रस्त्यावर उतरले ते पगारासाठी नव्हे, नवी तुकडी लवकर पाठवा म्हणून. पुढच्या संकटाची तयारी करणाऱ्यांनी औषधांच्या साठ्याबरोबर ही गोष्टही ध्यानात ठेवावी. प्रवेश लांबले तर वॉर्डात माणसं कुठून येणार, याचं उत्तर आधी तयार हवं.

एका रात्रीत तीन मृत्यू पाहिले. तेव्हापासून काही वाटतच नाही. मी दगड झालोय का?

नाही. बधिर होणं ही त्या रात्री तग धरण्याची मनाची पद्धत असते. बहुतेकांचं ते काही आठवड्यांत ओसरतं. ओसरावं म्हणून काय करावं यावर लोक उत्साहाने सल्ले देतात, त्यातला एक चुकीचा आहे: सगळ्यांना दुसऱ्या दिवशी गोल बसवून ‘काय घडलं ते सविस्तर सांगा’ असं बोलतं करणं. अशा सक्तीच्या एका बैठकीचा उपयोग होत नाही, जागतिक आरोग्य संघटनाही ती करू नका म्हणते. ज्याला बोलायचंय त्याला ऐकणारा मिळावा. ज्याला नको त्याला चहा, झोप आणि घरी एक फोन मिळावा. वरिष्ठाने एवढं केलं तरी पुष्कळ: ‘त्या पेशंटमध्ये आपण हे हे केलं, यापलीकडे हातात काही नव्हतं.’ वैद्यकीय बाजू स्पष्ट केल्याने रात्री छळणारा ‘मी अजून काही करायला हवं होतं का’ हा प्रश्न बराच सैल होतो. आणि खरंच काही करायला हवं होतं असं निघालं, तर तेही शांतपणे सांगा, चारचौघांत नको.

वॉर्डातल्या मामा-मावशी आणि सिस्टरांनाही या बोलण्यात घ्या. मृतदेह गुंडाळण्याचं काम त्यांच्या वाट्याला आलेलं असतं.

मदत घ्यायची वेळ आली हे कसं ओळखायचं?

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, लक्ष यांचं तंत्र बिघडलेलं. ड्युटीला जायच्या आधी पोटात गोळा. आधी ज्यात मन लागायचं त्यात न लागणं. दारू किंवा गोळ्या वाढणं. आणि ‘मी नसलेलो बरा’ असे विचार. शेवटची गोष्ट एकदाही आली तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी कुणाला तरी सांगायचं. २०२४ च्या कृती गटाच्या पाहणीत पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी ३१ टक्क्यांहून अधिक जणांनी आत्महत्येचे विचार आल्याचं नोंदवलं होतं. तुमच्या युनिटमध्ये दहा जण असतील तर हिशेब तुम्हीच करा.

मित्राबद्दल शंका असेल तर सरळ विचारा: ‘जीव द्यावासा वाटतो का रे?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडू नका, औषधांची शीशी आणि इंजेक्शनं त्याच्या हाताशी राहू देऊ नका, आणि मानसोपचार विभागाच्या ऑनकॉल डॉक्टरला बोलवा.

मानसोपचार ओपीडीत गेलो तर उद्या अख्ख्या कॉलेजला कळेल.

ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, केसपेपरच्या रांगेतच कुणीतरी ओळखीचं भेटतं. नागपूरचा फायदा असा की इथे एकच जागा नाही. मेडिकलच्या मुलाने मेयोत दाखवावं, मेयोच्या मुलीने मिहानच्या एम्समध्ये, किंवा दोघांनीही कोराडी रस्त्यावरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या ओपीडीत किंवा खासगीत. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार उपचारांची माहिती गोपनीय ठेवली जाणं हा तुमचा हक्क आहे. विभागप्रमुखांना ‘फक्त कळवून ठेवतो’ म्हणणाऱ्याला हे ऐकवा. आणि ज्यांच्या हाती परीक्षेचे गुण आहेत त्याच शिक्षकाला समुपदेशक नेमणं कॉलेजांनी थांबवावं.

सुई टोचली, पण वॉर्डात गर्दी होती, सांगायचं राहिलं.

आता सांगा. जागा साबण-पाण्याने धुवायची, दाबून रक्त काढायचं नाही, तोंडात तर घालायचंच नाही. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांच्या आत सुरू व्हावं, ७२ तासांनंतर उपयोग नाही, कोर्स २८ दिवसांचा. हिपॅटायटिस बीची लस घेतली असेल तरी प्रतिपिंडं तपासली आहेत का ते बघा. इंटर्नशिप सुरू होतानाच हे करून टाकावं. साथ कोणतीही असो, क्षयरोग वॉर्डात असतोच, त्यामुळे दोन आठवडे खोकला गेला नाही तर ‘धुळीचा असेल’ म्हणत बसू नका.

ताप घेऊन ड्युटी करणाऱ्याचं कौतुक करायची जुनी पद्धत आहे. ती मोडा. तो शूर नाही, संसर्गजन्य आहे.

नातेवाईक अंगावर आले तर?

आधी दार, मग वाद. प्रत्येक वॉर्डातून बाहेर पडायचा दुसरा रस्ता माहीत हवा. मृत्यूची बातमी शिकाऊ डॉक्टरने एकट्याने सांगू नये. सोबत वरिष्ठ हवा, सुरक्षारक्षक दारात हवा. महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्याने डॉक्टरवरचा हल्ला दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने संस्थाप्रमुखाने सहा तासांच्या आत तक्रार नोंदवावी असं सांगितलं. तक्रार संस्थेने करायची आहे. मार खाल्लेल्या जेआर वनने पोलीस ठाण्यात एकट्याने बसायचं नाही.

सीनियर शिक्षा म्हणून जास्त ड्युटी लावतात. ‘साथ आहे, सगळ्यांनाच करावं लागतं’ म्हणतात.

सगळ्यांच्या तक्त्यात असेल तर साथ. तुमच्या एकट्याच्या नावावर असेल, चारचौघांत अपमानासोबत येत असेल, तर ती रॅगिंगच्या व्याख्येत बसते. वैद्यकीय आयोगाचे २०२१ चे नियम त्यासाठी आहेत. तक्ते जपून ठेवा, फोटो काढा. राष्ट्रीय मदत क्रमांक १८००-१८०-५५२२.

मुलींसाठी वेगळं काही लागतं का?

आतून कडी लागणारी ऑनकॉल खोली, त्याच मजल्यावर स्वच्छतागृह, मासिक पाळीच्या दिवसांत पीपीईतून लवकर सुटी मागितल्यावर भुवया न उंचावणं, वसतिगृहाच्या रस्त्यावर दिवे. गरोदर निवासी डॉक्टरला संसर्गाच्या वॉर्डातून आधी काढा, अर्जाची वाट नंतर बघा. यात चर्चेसारखं काही नाही.

आमची मुलगी नागपुरात एमडी करते. चार-चार दिवस फोन उचलत नाही. काय करावं?

काका, काकू, आधी हे धरा की ती झोपली असेल. वणीहून किंवा अहेरीहून निघून तिच्या दाराशी येऊन उभं राहणं दर वेळी उपयोगाचं नसतं. तिच्याशी एक ठरवून घ्या: दिवसातून एकदा नुसता अंगठ्याचा निरोप, बोलायची सक्ती नाही. बोलेल तेव्हा ‘किती रुग्ण गेले’ विचारू नका, ‘जेवली का’ विचारा. तिच्या मैत्रिणीचा किंवा रूममेटचा नंबर जवळ ठेवा. अंगठाही आला नाही तर त्या मैत्रिणीला फोन करा. ‘एवढा खर्च केला, आता सोडू नको’ हे वाक्य कितीही खरं असलं तरी साथीच्या काळात बोलू नका. आणि ती रडून ‘मला परत यायचंय’ म्हणाली तर लगेच ये किंवा येऊ नको यातलं काहीच ठरवू नका. एक दिवस झोपू द्या, मग विचारा.

शंभर दिवसांच्या ड्युटीचं प्रमाणपत्र अजून मिळालं नाही. त्याचा उपयोग होतो का?

२०२१ च्या निर्णयात शंभर दिवस कोविड ड्युटी पूर्ण करणाऱ्यांना नियमित सरकारी भरतीत प्राधान्य देण्याचं म्हटलं होतं. अशा कोणत्याही योजनेत तारखा लागतात, ‘कोविड योद्धा’ छापलेला रंगीत कागद चालत नाही. कुठल्या वॉर्डात, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, अधिष्ठात्यांची सही आणि जावक क्रमांक. ड्युटी संपल्या आठवड्यात मागून घ्या. लिपिक बदलला की जुना तक्ता सापडत नाही.

आम्ही डॉक्टर नाही, मेडिकलच्या आसपास राहतो. काही करू शकतो का?

करू शकता. अन्न द्यायचं असेल तर दुपारी बाराला नको, तेव्हा मेस चालू असते. रात्री साडेदहा ते पहाटे चार या वेळेत काही मिळत नाही. सुका, हाताने खाता येईल असा डबा द्या, तर्री-पोहे पीपीईतून सुटलेल्या माणसाला कितीही हवेसे वाटले तरी वॉर्डाबाहेर उभ्याने खाता येत नाहीत. आधी निवासी डॉक्टरांच्या संघटनेला, म्हणजे मार्डच्या मुलांना विचारा, किती डबे लागतात ते तेच सांगतील. भाड्याने खोली घेऊन राहणाऱ्या डॉक्टरला साथ आली म्हणून घर रिकामं करायला सांगू नका. २०२० मध्ये असं सांगणारे घरमालक निघाले होते. आणि तुमचा रुग्ण आत असेल तर माहिती विचारायला घरातला एकच माणूस ठरवा. पाच जणांनी पाच वेळा तोच प्रश्न विचारला की त्या जेआर वनचा अर्धा तास जातो, आणि तो अर्धा तास तुमच्याच रुग्णाच्या वाट्याचा असतो.